पळीभर नारळपाणी

अख्ख्या कर्जत-खालापुरात थंडीत ऊब आन उन्हाळ्यात गारवा देणारी पहिली मशीन मी बसवली. बसवली म्हणजे, तिच्या बाहेरच्या डब्याचा एक कोपरा मी धरला होता, आन तोच कोपरा माझ्या पायावर पडला. अंगठ्याचं नख अजून वाकडं हाय. कोणाला पुरावा पायजे असंल तर चप्पल काढून दाखवतो.

त्या वेळी मी चौक गावात हसनचाचाकडं कामाला होतो. हायवेला लागून चाचाचं दुकान. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला भजीवाला, मधी आमी. ढाब्यांचे फ्रिज, आइसकांडीची मशीन, डेरीची दूध गार करायची टाकी, असलं काय बिघडलं की लोक चाचाकडं यायचे. चाचाची एक पद्धत होती. मशीनला हात लावायच्या आधी तो स्क्रू डायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आन डोळे मिटून उभा राहायचा. डॉक्टर छातीवर नळी ठेवतो ना, तसा. बाहेर खोपोलीच्या घाटाकडं चाललेले ट्रक गिअर बदलताना कोकलायचे, तरी याला आतलं दुखणं ऐकू जायचं. मी पण एकदा तसा कान लावून उभा राहिलो. चाचानं विचारलं, "क्या सुना?" मी म्हटलं, "आत कायतरी तळतंय." दुसरा कान झाकायचा राहिला होता माझा. भजीचा घाणा टाकला होता शेजाऱ्यानं.

आठवडाभर मी दुकानाच्या माळ्यावर झोपायचो. चाचीच्या हातचं जेवण, तांदळाची भाकर आन सुक्या बोंबलाचं कालवण. भाकर अशी पातळ की तिच्यातून चाचाचा राग पण दिसायचा. रविवारी मी पोशीरला घरी जायचो. तिथं वेगळंच चित्र. आयेनं सगळ्या गावात सांगून ठेवलं होतं, माझा काशा मिस्त्री झाला, मशिनीत गॅस भरतो. गावाला एकच गॅस ठावका, गॅसबत्तीचा. त्यामुळं कोणाच्या घरी हळद असली की निरोप यायचा, काशाला बोलवा, बत्तीला हवा मारायला. मी पण जायचो. पंप मारायचो, जाळी पेटवायचो, आन जेवून यायचो. एवढ्या मानाचं काम मला चाचाकडं नव्हतं. तिथं मी पाइप धरायचो. पाना मागितला की पक्कड द्यायचो आन शिवी घ्यायचो.

तर आयेच्या त्या बढाईवर माझं लग्न ठरायला आलं. भिवपुरीच्या अलीकडं मुंबईच्या एका रिटायर साहेबांचा बंगला होता. तिथं धोंडूमामा राखण करायचा. बायको वारलेली, एकुलती लेक इंदू बंगल्यावर रांधायची, मागच्या खोलीत दोघं राहायची. इंदूला मी एकदा बाजारात बघितली होती. वाल घेत होती, आन वालवाल्याला असं झापत होती की मी तिथंच मनानं तिच्याकडं निम्मा गेलो. आयेनं शब्द टाकला. धोंडूमामा म्हणाला, "पोर मी मिस्त्रीला दीन, पान्याच्या हमालाला नाय. आमच्या सायबाकडं मशीन येतेय. चौकचाच मानूस बसवनार हाय. मी डोल्यानं बघीन आन मग बोलीन." लोकांकडं पोरगी बघायचा कार्यक्रम असतो, पोहे असतात. इथं मला बघायचा कार्यक्रम होता, आन पोह्यांच्या जागी दीड मणाची मशीन होती.

मशीन साहेबांच्या पोरानं पाठवलेली. तो बोटीवर नोकरीला होता, जपानकडं. आईचे सांधे थंडीत धरायचे म्हणून त्यानं ही दोन डब्यांची मशीन धाडली, एक डबा घरात, एक बाहेर, मधी तांब्याच्या दोन नळ्या. गावात बातमी पोचली तेव्हा लोक पोट धरून हसले. कर्जतात उकडायला मशीन? मे महिन्यात या म्हणावं, फुकट देतो. एक जण तर बंगल्यावर विचारून आला की उरलेली गरमी विकायची हाय काय, भात वाळवायला.

मी चाचाला विचारलं, "चाचा, यात शेगडी कुठं असते?"

"शेगडी नाय रं. ऊब कोन बनवत नाय. बाहेरच्या हवेत हाय ती उचलायची न घरात आनून टाकायची. हमाली हाय ती."

"बाहेर तर थंडी हाय."

"थंडीत पन ऊब असते. तुज्या डोक्यात पन अक्कल हाय का नाय? थोडी, खोल, पन हाय. खेचनारा पायजे. गॅस खेचतो. पाइपात फिरतो, बाहेर ऊब पितो, घरात वकतो."

मला ते इतकं पटलं की पोशीरला जाऊन मी सांगितलं, ती हवेची मोट हाय. आता कर्जतात बिल्डिंगी उठल्या, भिंतीभिंतीवर असले डबे लोंबतात वटवाघळासारखे, पोरं तासाभरात बसवून दुसऱ्या घरी जातात. एवढं फिरलो, पण चाचासारखं कोणी मला समजावलं नाय. माझ्या अकलेचा दाखला देऊन तर नायच नाय.

पहिल्या दिवशी आमी डबे बसवले, तेव्हाच तो अंगठा गेला. धोंडूमामा समोर बसून बघत होता, जनावराच्या बाजारात दात बघतात तसा. मी लंगडत होतो तरी हसत होतो. दुसऱ्या दिवशी भिंतीतून नळ्या टाकल्या. चाचानं त्यांच्या तोंडांना बुचं मारली. मग गॅसचा सिलिंडर आणायला तो स्कूटरवरून चौकला निघाला. जाताना म्हणाला, "काशा, बुचांना हात लावू नको. हवा पन जाता कामा नये आत. दमट हवा म्हंजे याला जहर."

आता बघा, चाचानं हवा म्हटलं होतं. पाणी म्हटलं नव्हतं. मी आयुष्यभर हेच सांगत आलोय.

चाचाची स्कूटर वळणाआड गेली न गेली, धोंडूमामा हातात नारळ घेऊन आला. "मिस्त्री, नारल कदी फोडायचा?"

मला जन्मात पहिल्यांदा कोणी मिस्त्री म्हटलं. चाचाला विचारू, असं म्हणायला जीभ उचलेना. मी हात मागं बांधले आन म्हटलं, "फोडा की आत्ताच. मुहूर्त बरा हाय."

नारळ फोडला. पाणी वाटीत धरलं. धोंडूमामानं डब्याला हळदकुंकू लावलं, पाच पानं ठेवली, आन बोटानं पाणी शिंपडलं पत्र्यावर. येष्टी नवीन आली, भाताची गिरणी बसली, की असंच करतात, त्यात काय नाय. इथंच थांबलो असतो तर आज मी शहाण्यात मोडलो असतो. पण मिस्त्री म्हटल्यावर कायतरी वरचढ केलं पायजे. मी म्हटलं, "मामा, गिरणीला वरून शिंपडलं चालतं. हिचं सगळं काम पोटात. पत्र्याला प्रसाद देऊन काय उपेग?"

मामा विचारात पडला. "मग रं?"

"पोटात द्यायचा."

"चालंल?"

"मिस्त्री कोण हाय?"

मामानं देव्हाऱ्यातली पळी आणली. मी जाड नळीचं बूच काढलं, पळीभर नारळपाणी आत ओतलं, हात जोडले, बूच परत मारलं. मामानं पण हात जोडले. स्वयंपाकघराच्या खिडकीत इंदू खोबरं कापायला ताट घेऊन उभी होती. ती बघत होती. मला वाटलं, छाप पडली.

चाचा सिलिंडर घेऊन आला. कुंकू बघितलं. इंदूनं दिलेला खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "नारल फोडला? अच्छा किया," म्हणाला आन चावत चावत नळ्या जोडायला बसला. माझ्या पाठीवरून मुंगी चालली तसं झालं, पण का ते मला कळंना.

मग चाचानं जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून नळ्यांतली हवा ओढून काढली. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो काय बघितलं. मग सिलिंडर उघडला, गॅस सूं करत आत शिरला. घड्याळासारखा काटा होता, चाचा त्याच्याकडं एकदा आन नळीकडं दहादा बघायचा. "काटा खोटं बोलतो," म्हणायचा, "नलीचा घाम खोटं बोलत नाय. घाम फुटला की समज पोट भरलं." नळीला घाम फुटला. बाहेरच्या डब्यातून गार वारा सुटला, आन घरात माईंच्या खोलीत, साहेबांची बायको म्हणजे माई, त्यांच्या खोलीत ऊनऊन हवा आली. माईंनी दोन्ही हात पुढं धरले, बोटं उघडली, मिटली. "अगं इंदू, मुठी वळतायत बघ माझ्या," म्हणाल्या. त्या सकाळी त्यांना वेणी घालता येत नव्हती. साहेब जपानी पुस्तक हातात धरून मान डोलवत होते, पुस्तक उलटं होतं. धोंडूमामानं इंदूला साखर आणायला सांगितली. माझ्या हातावर साखर ठेवून म्हणाला, "मिस्त्री, पुढच्या रविवारी पोशीरला येतो."

साखर विरघळली नव्हती तोंडात, आन हवा गार पडली.

चाचानं मशीन बंद केली, थोडं थांबला, चालू केली. ऊब आली. दहा मिंटात परत गेली. परत थांबला, परत चालू. माई शाल काढायच्या, शाल घालायच्या. तीन वेळा झालं. साहेब म्हणाले, "व्होल्टेज." धोंडूमामा म्हणाला, "नजर लागली." मी म्हटलं, "नवीन हाय, लाजते." चाचानं बाहेरच्या डब्याची जाळी काढली, स्क्रू डायव्हर लावला, डोळे मिटले. मग आतली एक नळी असते, सुतळीएवढी बारीक, तिच्यातूनच सगळ्या गॅसला जावं लागतं. तिच्याखाली चाचानं पेटती चिंधी धरली. लगेच सूं सूं चालू झालं, आन आतून माई ओरडल्या, "आली, आली."

चाचानं चिंधी विझवली. "पानी हाय आत," म्हणाला. "बारीक नलीच्या तोंडाशी जाऊन बरफ होतो न वाट बंद करतो. विरघलला की चालू. गॅस न पानी, दोन सवती हायत. एका घरात नांदत नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. थोडा, खोल, पण पडला. मी धोंडूमामाकडं बघितलं. मामा आंब्याच्या झाडाकडं बघत होता. थंडीत आंब्याला बघण्यासारखं काय नसतं.

साहेब तापले. "पाणी आलं कुठून? पोरानं समुद्रापलीकडून धाडलीय मशीन. आमच्या कोणी माणसानं हात लावला असेल तर त्यानं आजच सामान बांधावं."

चाचा मधी पडला. "साहेब, माजी चूक. हवा कमी ओढली असंल मी. खोलून परत करतो, गॅस माजा."

चाचाचं नाव चौकापासून कर्जतपर्यंत होतं, ते त्यानं तिथं पायरीवर ठेवलं, माझ्यासाठी नाय, त्याला तर माहीतच नव्हतं. आन मी गप्प बसलो. बोललो तर मिस्त्रीपण जातं, मिस्त्रीपण गेलं की इंदू जाते. वर मामाचं सामान बांधलं जातं, ते वेगळंच. मी स्वतःला समजावलं की मी मामासाठी गप्प हाय. माणूस स्वतःसाठी घाबरला की दुसऱ्याचं नाव फार आठवतं.

चाचानं सगळा गॅस बाहेर सोडून दिला. मग डागकामाची बत्ती पेटवली आन बारीक नळीचा सांधा तापवून सोडवायला लागला. तांबं लाल झालं, सांधा सुटला, आन नळीतून थोडी वाफ आली. वास सुटला. आधी तेलाचा, आन त्याच्या मागून गोड, खमंग. अंगण भरलं. घरात शिरला. आतून माईंचा आवाज आला, "इंदू, नारळीपाक लागला बघ खाली. आज कोणी करायला सांगितला होता?"

इंदू दारात आली. "मी नाय केला, माई."

चाचानं बत्ती बंद केली. नळी नाकाशी धरली. मग हळूच वळून पायरीवरच्या करवंटीकडं बघितलं, मग डब्याच्या कुंकवाकडं, मग माझ्याकडं. खोबरं खाल्लेलं तोंड त्यानं हातानं पुसलं.

"कोनी वतलं?"

धोंडूमामाचे ओठ पांढरे पडले होते. इंदू बापाकडं बघत होती. हातातला झारा तिनं छातीशी धरला होता. त्या झाऱ्याकडं बघून माझं तोंड उघडलं.

"मी. एकट्यानं. मामा तिकडं झाडांना पाणी घालत होता."

साहेब म्हणाले, "अहो, हा तुमचा मिस्त्री ना?"

"मिस्त्री?" चाचा म्हणाला. "हा? हा आजून पाना न पक्कड वलखायला शिकतोय. मिस्त्री कोनी सांगितलं तुमाला?"

मामानं खाली बघितलं. माझं लग्न मोडल्याचा आवाज झाला नाय, पण मला तो स्क्रू डायव्हर न लावता ऐकू आला.

पुढचे दोन दिवस आमी तेच करत होतो. नळ्या सोडवल्या, गॅसनं फुंकून साफ केल्या. आतली ओल धरणारी पुडी असते ती नवीन घातली. नळ्यांवर गरम पाण्याची फडकी ठेवून सकाळपास्नं दिवेलागणीपर्यंत हवा ओढली. फडकी बदलायचं काम माझं. बोटं भाजली. चाचानं शिवी पण दिली नाय, तेच जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी मशीन चालू झाली ती बंद पडलीच नाय. माईंनी स्वतःच्या हातानं वेणी घातली आन बाहेर येऊन सगळ्यांना पाठ फिरवून दाखवली.

चौकला परत जाताना स्कूटरवर मागं बसून मी विचारलं, "चाचा, मी उद्यापासून येऊ नको ना?"

"का?"

"काढणार ना मला?"

"तुला काढला तर दुसरा आनावा लागंल. त्याला पयल्यापासून सांगावं लागंल, पानी घालू नको. तुला निदान येवढं कललं. सिलिंडर घट धर."

रविवारी पोशीरला आमच्याकडं पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, मडकं उलटं आन भोवती गवताची आग. आये मला सकाळपास्नं विचारत होती, काय झालं, मामा का नाय आला. मी म्हणत होतो, मशीन लाजली. एवढ्यात मामा बांधावरून येताना दिसला. येऊन बसला, शेंगा सोलल्या, खाल्ल्या. मग आयेला म्हणाला, "वयनी, तुमचा पोर मिस्त्री नाय."

आयेनं माझ्याकडं असं बघितलं की आगीत जाऊन बसावं वाटलं.

"नाय तर नाय," मामा म्हणाला. "सायबानं माजं सामान बांधलं आसतं. यानं सवताचं बांधलं. पोर देतो."

लग्न झालं. हळदीला गॅसबत्ती मीच पेटवली, नवरदेव असून. दुसऱ्या कोणाला जमंना.

चाचा गेला, मामा गेला, मी खरोखरचा मिस्त्री झालो तो फार पुढं. पण ही गोष्ट मी सांगत राहिलो. लग्नात, बारशात, मशीन दुरुस्त करताना गिऱ्हाइकाला, आन शेवटी ठरलेलं वाक्य: इंदूनं माझं काळीज बघितलं आन मनात हो म्हणून टाकलं. परवा नवीन सूनबाईला सांगत होतो. सून भारावून ऐकत होती. इंदू शेजारी अंबाडी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "कालीज कोनी बघितलं? मी त्या चाचाला बघत व्हते. येवढा घोल घातलास तरी त्यानं तुला काढला नाय. म्हटलं, असा मालक आसला तर दगड पन कदीतरी शिकंल. तुला बघून कोन हो म्हनल?"